भामिनीचा शालू

आधी कपडे बदला. जीन्स आणि टी-शर्टवर १९२१ च्या मुंबईत जाता येणार नाही. तुम्ही कपाट उघडता आणि हात सरळ वरच्या खणातल्या पिशवीकडे जातो. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी घेतलेली शिवलेली नऊवारी. काष्टा आधीच शिवलेला, कमरेला नाडी, पाच मिनिटांत तयार. सोबत दाबाची नथ, चंद्रकोरीची टिकली, ऑक्सिडाइज्ड ठुशी. आरशात बघून वाटतं, चला, पणजीच्या काळात शोभून जाऊ.

नाही शोभणार. या वेषात ग्रँट रोडला उतरलात तर पणजीच्या वयाच्या बायका पदर तोंडाला लावून बाजूला होतील. काष्टा इतका घट्ट, पदर इतका अरुंद, पोलकं इतकं तोकडं! तुमच्या अंगावर जे आहे ते पणजीकडून आलेलं नाही. बरंचसं तमाशापटांतून आलंय, थोडं टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकांतून, उरलेलं इन्स्टाग्रामवरून. त्यात वाईट काहीच नाही. फक्त आजची रात्र त्याला परंपरा म्हणू नका. पुरुष असाल तर फेटा असू दे, गॉगल काढून ठेवा. बुलेटही घरीच.

तेव्हा खरं नऊ वारांचं लुगडं घ्या, ओचा मोकळा सोडा, चोळीच्या बाह्या कोपरापर्यंत येऊ द्या, पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटा. चालायला जड वाटेल. पावलं आपोआप लहान पडतील, मान थोडी खाली येईल, हात पदर सावरण्यात गुंततील. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता उतरा. ८ जुलै १९२१.

धो धो पाऊस आहे. ट्रामच्या रुळांमधून पाणी वाहतंय, बालीवाला थिएटरसमोर व्हिक्टोरियांची रांग लागलीय, आणि छत्र्यांच्या गर्दीत दोन तट उघड दिसतात. एक बालगंधर्वांचा, दुसरा केशवराव भोसल्यांचा. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन कंपन्यांचे रसिक एरवी एकमेकांच्या नावाने बोटं मोडतात. आज त्याच दोन कंपन्या एका रंगमंचावर ‘मानापमान’ करणार आहेत. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. टिळकांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या पोराचं गाणं ऐकून त्याला ‘बालगंधर्व’ म्हणणारे टिळकच.

आत तुम्ही बायकांच्या बाजूला बसा. पुरुष असाल तरी तिथेच. कालप्रवासाची एवढी सवलत घ्यायला हरकत नाही. पुरुषांच्या बाजूला माना डोलतील, ‘वन्स मोअर’ होतील, तान कुणाची सरस यावर मध्यंतरात भांडणं होतील. ते सगळं पुढे पुस्तकांत आलेलं आहे. बायकांच्या बाजूला काय चाललं होतं ते फारसं कुणी लिहिलेलं नाही, आणि मला विचाराल तर त्या रात्रीचं अर्धं नाटक तिथेच घडतंय.

तिसरी घंटा होते, नांदी होते, पडदा वर जातो. भामिनी येते. आधी अत्तर येतं, मग ती. हे अत्तर खरं आहे. तिच्या अंगावरचा शालू खरा, जर खरी. बसायला अंथरलेला गालिचा उंची, भांडी चांदीची. खोटं या कंपनीला चालत नाही. त्यापायी ही कंपनी कर्जात बुडत चालली आहे आणि तिचा मालक पुढची कित्येक वर्षं ते कर्ज फेडत बसणार आहे. पण आज त्याची काळजी कुणाला?

तुमच्या शेजारी दोघी जणी बसल्यात. नणंद-भावजय असाव्यात.

“वन्सं, किनार बघितलीत?”

“बघितली. बुट्टी बघ, बुट्टी. किती दाट!”

“आणि गजरा? अंबाड्याच्या खालच्या अंगाने घेतलाय.”

“उद्या मलाही तसाच घालून दे.”

मग दोघी गप्प होतात, कारण भामिनीने पदर नुसता चिमटीत धरलाय. ओढलेला नाही, सावरलेला नाही, धरलाय फक्त. आणि त्या एवढ्याशा धरण्यात श्रीमंत घरची, लाडावलेली, थोडी तोऱ्यातली मुलगी सबंध उभी राहिली आहे. बालगंधर्वांचे फोटो तुम्ही पाहिलेत. खरं सांगा, त्यांत ते तुम्हाला कधी लोक म्हणतात एवढे सुंदर वाटले? मला नाही वाटले. कॅमेऱ्यासमोर ताठ बसलेला, भरल्या अंगाचा, किंचित अवघडलेला चेहरा. इथे बसल्यावर कळतं की फोटोत जे नाही तेच मोठं आहे, ते म्हणजे हालचाल. मान वळते तेव्हा कानातल्या कुड्या आधी हलतात की नंतर, बसताना निऱ्या कुठे पडतात, पाठमोरी होताना नजर किती वेळ मागे राहते. नटाने हे सगळं सुरांसारखं घोटलेलं आहे. गाणंही तसंच. तान कधी अंगावर धावून येत नाही; शब्दाला हात न लावता त्याच्या भोवतीने फिरते. कपडे, चाल आणि गाणं ही तीन वेगळी खाती नाहीतच. एकाच वृत्तीची तीन रूपं आहेत.

केशवराव येतात तेव्हा हवा बदलते. आवाज तडफदार, धारदार, रंगमंचभर फिरणारा. अजून तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, ते या जगात नसतील, वय ३१. सभागृहात हे फक्त तुम्हाला माहीत आहे. कालप्रवाशाने अशा वेळी गप्प बसायचं असतं.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी हे नाटक १९११ मध्ये रंगभूमीवर आणलं तेव्हाही भामिनी बालगंधर्वच होते. गंमत अशी की नाटकाचा विषयच मुळी कपडे हा आहे. भामिनी श्रीमंत आहे. धैर्यधर पराक्रमी, पण गरीब. म्हणून ती त्याला नाकारते. समोर लक्ष्मीधर आहे, दागिन्यांनी मढलेला आणि भित्रा. मग भामिनी शालू उतरवून, वनमाला या नावाने, गरीब मुलगी होऊन धैर्यधराला पारखायला जाते. खाडिलकर सांगतायत की माणूस कपड्यांवरून ओळखू नका. आणि बायकांच्या बाजूला ते कुणीही ऐकत नाहीये! सगळ्यांचं लक्ष उतरवलेल्या शालूकडे आहे. उपदेश आणि किनार यांत किनार जिंकली, याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

मध्यंतरात मागे चला. रंगपटात जायला तिकीट लागत नाही, तुम्ही कुणाला दिसतच नाही.

आरशासमोर ३३ वर्षांचा एक गृहस्थ बसलाय. चेहऱ्यावर रंग, कपाळावर कुंकू, आणि या सगळ्याखाली एक थकलेला, संसारी, कर्जाचे हिशेब डोक्यात असलेला पुरुष. कंपनीत शंभर तोंडं, प्रत्येकाचं दोन वेळचं जेवण, बिऱ्हाड, प्रवास. या माणसाची पहिली मुलगी ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच गेली होती. प्रयोग रद्द झाला नव्हता. तोंडाला रंग लावून तो उभा राहिला होता आणि तेव्हाही बायकांनी बहुधा गजराच पाहिला होता.

कपडेपटातला माणूस निऱ्या लावतोय. त्याच्याकडे नीट बघा, मराठी फॅशनच्या इतिहासात त्याला कुणी जागा दिलेली नाही. चोळी कशी भरायची, काष्टा कसा बसवायचा म्हणजे पुरुषी कंबर लपेल, शेला कुठून कुठे घ्यायचा म्हणजे रुंद खांदे उतरते दिसतील. बालगंधर्वांच्या फोटोंत तो खांद्यांवरून उतरणारा शेला इतक्यांदा दिसतो. माझा कयास असा की त्याचं अर्धं काम शोभेचं होतं आणि अर्धं खांदे झाकण्याचं. पुढे ज्या बायकांनी तो उचलला त्यांचे खांदे मुळातच उतरते होते. त्यांना त्याची गरज नव्हती. तरी उचलला.

मघाशी लुगडं नेसून चालताना तुमची पावलं लहान पडली, आठवतं? आरशासमोरच्या या माणसाने ते बाहेरून पाहून, तुकड्यातुकड्याने जमवलं. गावोगावच्या मुक्कामात, ओळखीच्या घरांत, देवळात, लग्नात दिसणाऱ्या घरंदाज बायका हेच त्याचं शिक्षण. त्यांच्या अंगी ते जन्मापासून असल्यामुळे त्यांना ते कधी दिसलंच नव्हतं. रंगमंचावर एका पुरुषाने ते दाखवल्यावर त्यांना स्वतःचीच ऐट पहिल्यांदा नजरेला पडली, आणि त्यांनी ती त्याच्याकडून परत घेतली. थोड्या वाढीव दराने.

पण सगळंच घराघरांतून आलेलं नाही. आणखी मागे जायला हवं.

मुंबई-पुणे लोहमार्गावर मळवली. १९०० च्या आसपासचा एखादा दिवस. कार्ल्याच्या लेण्यांखालच्या या गावात एक छापखाना चालू आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये तो गिरगावात काढला, आणि प्लेगच्या साथीत तो इथे हलला. आत ओळीने जड चुनखडीचे दगड मांडलेत. एका चित्राला एक दगड नाही, प्रत्येक रंगाला वेगळा. लक्ष्मीच्या साडीचा लाल एका दगडावर, कमळाचा गुलाबी दुसऱ्यावर, त्वचेच्या छटा आणखी तिसऱ्या-चौथ्यावर. कागद एकेका दगडावरून जातो आणि दर फेरीला देवी थोडी अधिक जिवंत होते. काम बघणारे कारागीर जर्मन आहेत. पुढे फ्रिट्झ श्लायखर हा त्यांच्यातलाच एक जण छापखाना विकत घेईल.

आता ही मळवलीतली लक्ष्मी नीट न्याहाळा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी पौराणिक चित्रं मागवली तेव्हा रविवर्म्यापुढे शिंप्याचा प्रश्न होता: सीतेला, दमयंतीला, शकुंतलेला नेसवायचं काय? पुराणात मापं दिलेली नाहीत. तो केरळचा, त्याच्या घरच्या बायका मुंडू नेसणाऱ्या. तो भावाला घेऊन देशभर हिंडला, वेष पाहत फिरला, आणि त्याच्या देवी-नायिकांच्या अंगावर बहुतेक वेळा साडी आली, पुष्कळदा महाराष्ट्रातल्या लुगड्याच्या वळणाची. त्याच्या काही चित्रांसाठी गायिका अंजनीबाई मालपेकर बसल्या असं सांगतात. म्हणजे बघा: मलयाळी चित्रकार, जर्मन छपाई, गोव्याकडच्या कलावंत घराण्यातली गायिका, नेसण महाराष्ट्राची. आणि तयार झाली घराघरातली लक्ष्मी, जिच्याकडे बघून लोक म्हणतात, आपली पूर्वापार देवी.

एक गोष्ट बघितल्याशिवाय इथून निघू नका. ही चित्रं घरोघरी गेली की बायका त्यांना कापड चिकटवायच्या. लक्ष्मीच्या छापील साडीवर खरं रेशीम, पदराला खरी जर, गळ्याला टिकल्या, मुकुटाला खडे. अशी सजवलेली चित्रं आजही जुन्या संग्रहांत सापडतात. चित्रातल्या बाईला आपल्या हाताने नेसवून बघायची हौस त्यांनी देवघरात भागवली. मग रंगमंचावर जेव्हा चित्रातल्यासारखीच एक बाई चालू लागली, गाऊ लागली, तेव्हा त्यांना काही नवीन वाटलं नसणार. ओळखीचीच कोणी उठून आल्यासारखं झालं असणार. बालगंधर्वांनी नाटक कंपनीत पाऊल टाकलं ते १९०५ मध्ये, पहिली मोठी भूमिका शकुंतलेची. रविवर्म्याची शकुंतला त्याआधीच भिंतीवर येऊन बसलेली होती.

या वाटेवर दादासाहेब फाळकेही भेटतात. छपाईच्या धंद्यातून ते सिनेमाकडे वळले आणि १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीसाठी त्यांना एकही बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरच्या खाणावळीतल्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडं नेसवलं. पुढे ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. त्यांच्या नेसणीची नक्कल कुणी केल्याचं ऐकिवात नाही. नुसती साडी गुंडाळून आदर्श होता येत नाही.

पुन्हा नाटकाकडे. बडोदा, २० फेब्रुवारी १९१९. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग. राम गणेश गडकऱ्यांना जाऊन महिनाही झालेला नाही; ते पदं लिहायला उरले नाहीत, म्हणून ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. चालींसाठी गंधर्व कंपनी सुंदराबाई जाधवांकडे गेली, गझल आणि ठुमरी पेश करणाऱ्या बैठकीच्या गायिकेकडे.

इथे जरा थांबा. पुण्याच्या पेठेतली कोणतीही घरंदाज सून सुंदराबाईंच्या बैठकीला जाऊन बसली असती का? शक्यच नाही. तिच्या नवऱ्याने ते गाणं तिथे ऐकलं असेल, ती गोष्ट वेगळी. पण त्याच चाली बालगंधर्वांच्या सिंधूच्या तोंडी आल्या, आणि सिंधू कशी, तर दारुड्या नवऱ्याला देव मानणारी पतिव्रता. त्या पतिव्रतेच्या पदराआडून कोठीवरचा गळा सरळ स्वयंपाकघरात शिरला. ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या तशी तीन-तीन मिनिटांची ही पदं भाजी निवडताना गुणगुणली जाऊ लागली. संस्कृतीच्या पहारेकऱ्यांना पत्ता लागला नाही. माझ्या मते बालगंधर्वांचं सर्वांत मोठं काम हेच. शालूंचं कौतुक फार झालं.

आणि शालूच काढायचा तर आज रंगमंचावर तो नाहीच. सिंधू ठिगळं लावलेल्या लुगड्यात जात्यावर बसलीय. काल-परवापर्यंत भरजरीत पाहिलेल्या नटाला लोक फाटक्यात पाहतायत आणि सबंध थिएटर रडतंय. तुम्ही आजूबाजूला बघा, आज कुणी किनार बघत नाहीये. श्रीमंत वेष लोक उतरवून घेतात, गरीब वेषावर रडतात आणि घरी जाऊन दुसरं लुगडं नेसतात. निदान अजून तरी.

कारण पुढचा थांबा परळ. ३१ जुलै १९२१. संयुक्त मानापमानाच्या रात्रीला नुकतेच तीन आठवडे उलटलेत.

उमर सोबानींच्या गिरणीच्या आवारात परदेशी कापडाचा ढीग रचलाय. रेशमी साड्या, जाकिटं, टोप्या, विलायती मलमल. गांधीजींनी आग लावली आणि तो पेटला. पावसाळी हवेत धूर खाली बसतो, डोळे चुरचुरतात. गर्दीत एक बाई आपल्या हातातलं बोचकं पुढे करते, मग मागे घेते, त्यातलं एक पातळ काढून काखेत धरते आणि बाकीचं टाकते. ते पातळ का ठेवलं, तुम्ही विचारू नका. ते लग्नातलं असेल. किंवा त्याची किनार भामिनीच्या शालूसारखी असेल. देशभक्तीत एवढी जागा असावी.

त्याच मुंबईत, त्याच महिन्यात, एकीकडे स्वराज्य फंडासाठी जरीचा शालू झळकतो आणि दुसरीकडे स्वराज्यासाठीच शालू जळतो. दोन्ही ठिकाणी माणसं तीच असतील. सप्टेंबरात मदुराईला गांधीजी नुसत्या पंच्यावर येतील, आणि मग खादी हीसुद्धा नेसण्याची एक ऐट होऊन बसेल: जाडीभरडी, पांढरी, पण पदर कसा घ्यायचा, टोपी किती तिरकी ठेवायची याचे संकेत तिलाही लागतील. साधेपणालाही आरसा लागतो.

आता पुढे उडी मारा. मधली वर्षं मी गाळतोय, कारण त्यांत कर्ज, फेड आणि पुन्हा कर्ज एवढंच दिसतं.

पुणे, १९३५. प्रभातचा स्टुडिओ, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे. बालगंधर्व संत एकनाथांच्या वेषात उभे आहेत. दिग्दर्शक व्ही. शांताराम. कोवळ्या वयात हेच शांताराम गंधर्व नाटक मंडळीत किरकोळ कामं करायला होते. जुना मालक आज त्या पोराच्या खुणेवर ‘टेक’ देतोय. चित्रपटाचं नाव ‘महात्मा’ होतं. त्यात सेन्सॉरला गांधीजी दिसले, म्हणून ते ‘धर्मात्मा’ झालं. संगीत मास्टर कृष्णरावांचं.

तुम्ही कॅमेऱ्यामागून बघा. आवाज तोच आहे. पण धोतर-उपरण्यात उभ्या या ४७ वर्षांच्या माणसाला हात कुठे ठेवावेत ते कळत नाहीये. पदर नाही, निऱ्या नाहीत, धरायला चिमटीत काही नाही. तीस वर्षं ज्याने लुगड्यातून विचार केला, त्याच्याजवळ पुरुषाच्या कपड्यांत बोलायला भाषाच उरली नाही. दोन वर्षांनी ‘साध्वी मीराबाई’त त्यांना पुन्हा स्त्रीवेषात चित्रित केलं, तेही जमलं नाही. रंगमंचावर शेवटच्या रांगेपासून जो भास टिकायचा, तो क्लोज-अपच्या दोन हातांवर टिकेना. कॅमेऱ्याला खरी बाई हवी होती.

आणि ती आली होतीच. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये, म्हणजे अण्णा साळुंक्यांच्या तारामतीनंतर १९ वर्षांनी, त्याच तारामतीच्या वेषात मुंबईच्या कॉलेजात शिकलेल्या दुर्गा खोटे उभ्या राहिल्या. १ जुलै १९३३ ला ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक झालं, त्यात ज्योत्स्ना भोळे आल्या. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि ‘गाणारी बाई’ म्हणजे काय याचं चित्रच बदललं. अंगभर पदर घेऊन शांत बसून गाणाऱ्या हिराबाईंकडे बघून कित्येक आयांनी मुलींना गाणं शिकायला पाठवलं. घरंदाजपणाचा जो वेष एका पुरुषाने घडवला, त्याच वेषाच्या आधाराने एका बाईने मैफलीचं दार उघडलं. हिशेब असा फिरतो.

शेवटचा थांबा, पुणे, १९३७. ‘कुंकू’ लागलाय. तुम्ही आता कोणत्याही खुर्चीत बसा. बाजू पाळायची सक्ती उरलेली नाही, किंवा असली तरी तुम्ही पाळू नका.

पडद्यावर शांता आपटे. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून घेतलेली ही कथा. फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली नीरा, आणि ती त्याला नवरा मानायला तयार नाही. पार्श्वसंगीत नाही, घड्याळाची टिकटिक, घरातले, रस्त्यावरचे आवाज एवढंच. त्यामुळे ती गाते तेव्हा गाणं अंगावर येतं. आणि गाताना ती स्वस्थ बसत नाही. हात उडवते, ताल धरते, मान झटकते. भामिनीचा पदर चिमटीत असायचा. हिचा खांद्यावरून घसरला तर घसरू दे असा.

तुमच्या पुढच्या रांगेत सोळा-सतराची एक मुलगी आहे. पाचवारी गोल पातळ, फुग्याच्या बाह्यांचं पोलकं, दोन वेण्या. गाण्याबरोबर तिचा हात मांडीवर ताल धरतोय. शेजारी आई नऊवारीत, अंबाड्याच्या खालच्या अंगाने गजरा घेतलेला, शेला नीट बसवलेला.

“हात खाली ठेव. लोक बघतायत.”

“बघू देत.”

“चांगल्या घरच्या मुली असं करत नाहीत. कुठून शिकतेस ही थेरं?”

मुलगी पडद्याकडे बोट दाखवते. आई पदर सावरते, म्हणजे सावरत नाही, नुसता चिमटीत धरते, आणि म्हणते, “नाटक-सिनेमातलं घरी आणायचं नसतं.”

तुम्हाला हसू येतं. पण मध्ये पडू नका.